गच्चीची किल्ली

मुंबईच्या गोवंडीतल्या एका पुनर्वसन इमारतीच्या गच्चीची किल्ली मिळवायला आम्हाला अकरा आठवडे लागले. दुर्बीण पहिल्याच आठवड्यात आली होती. एका हौशी निरीक्षकाने आपली जुनी सहा इंच व्यासाची दुर्बीण देऊन टाकली होती, आणि ती पत्र्याच्या कपाटामागे चादरीत गुंडाळून उभी होती. वस्तीतली मुलं रोज यायची, चादर वर करून बघायची आणि जायची. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे होती. त्यांची भीती खोटी नव्हती. पतंगाच्या दिवसांत एक पोरगा कठड्यावरून पडता पडता वाचला होता, टाक्यांची झाकणं चोरीला गेली होती, रात्री वर कोण बसतं अशी तक्रार सारखी येत होती. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजी सेक्रेटरींना म्हणाल्या, "मी खुर्ची टाकून बसते वर. मग तर झालं?" त्या बसल्या, तेव्हा कुलूप निघालं. तो २०२४ चा डिसेंबर होता आणि त्या हिवाळ्यात गुरू रोहिणीच्या जवळ होता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मिळेल तिथे मांडतो आहे. शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांना आकाश शिकवायचं असेल तर ते शाळेच्या वेळेबाहेर, रात्री, त्यांच्याच वस्तीत आणि सलग काही वर्षं शिकवावं लागेल. त्यासाठी सगळ्यात आधी महापालिकेने आपल्या शाळांच्या गच्च्या उघडून दिल्या पाहिजेत. वर्षातून एकदा बस भरून मुलांना तारांगणात नेऊन आणलं की आपलं काम झालं, असं आपण फार वर्षं मानत आलो आहोत.

अशा बसगाड्या मीही भरल्या आहेत. वरळीचं नेहरू तारांगण १९७७ पासून मुंबईच्या मुलांना आकाश दाखवतं आहे. घुमटात अंधार होऊन तारे उगवले की साठ पोरांच्या तोंडून एकदम जो आवाज निघतो, तो ऐकताना माझे डोळे दर वेळी भरून येतात. पण बस संध्याकाळी वस्तीत परत येते. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला एखाद्या पोराला पाण्याच्या रांगेत उभं असताना आकाशात काहीतरी लालसर दिसतं, आणि ते काय आहे हे विचारायला त्याच्याजवळ कुणी नसतं. तो प्रश्न तिथेच विरतो. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करेन. त्यात मला मोठं शहाणपण दिसतं. मुलाने आपला प्रश्न आधी स्वतःशी नीट मांडायचा आणि त्याला कुणीतरी परत उत्तर द्यायचं, ही ये-जा हेच तर शिक्षण. सहलीत ही ये-जा होत नाही.

आणि आकाश शिकवणारी माणसं या वस्त्यांपासून दूर आहेत असंही नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाड स्पर्धेसाठी देशभरातून निवडलेल्या मुलांची शिबिरं तिथे भरतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत झाली, तिचं आयोजन याच केंद्राने केलं. त्याच मानखुर्दमध्ये लल्लूभाई कंपाउंड आहे, मंडाला आहे, आणि रुळांच्या पलीकडे बैंगनवाडी आणि शिवाजीनगर, सगळ्या गरीब वस्त्या. १९२७ पासून शहराचा कचरा जिथे जातो ते देवनारचं डंपिंग ग्राउंडही तिथेच. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा तिचा धूर उपग्रहातून काढलेल्या छायाचित्रातही दिसला होता. होमी भाभा केंद्राच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. ऑलिंपियाडला पोचणारी मुलं शोधून घडवणं हेही काम कुणीतरी करायलाच हवं. पण त्या शिबिरापर्यंत जाणारी वाट आठवी-नववीतच सुरू होते, आणि ती वाट सुरू होते कुठून, हे ज्या घरात कुणालाच माहीत नाही, तिथल्या मुलाला केंद्राच्या दारापासून दोन किलोमीटरवर राहून काय मिळतं?

यावर एक आक्षेप मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचं उत्तर आधी दिलेलं बरं. या मुलांना गणित येत नाही, घरात पाणी नाही, दहावीनंतर नोकरी हवी. तारे बघून काय होणार? विचारणारी बहुतेक माणसं वस्तीत मनापासून काम करणारी असतात, म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येत नाही.

आमच्या इमारतींचंच बघा. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथे क्षयरोग जास्त का, याचा अभ्यास झाला आहे आणि त्यात ऊन-वाऱ्याच्या अभावाकडे स्पष्ट बोट दाखवलं आहे. मुलांना हे घरातूनच ठाऊक असतं, कारण बहुतेकांच्या ओळखीत कुणीतरी सहा महिन्यांच्या गोळ्या घेतलेलं असतं. २१ डिसेंबरच्या आसपास आम्ही कोनमापकाला दोरा आणि नट बांधून सूर्याची उंची मोजली, अर्थात सूर्याकडे न बघता, काठीच्या सावलीवरून. मुंबईत त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसत्तेचाळीस अंश वर येतो. मग हिशोब केला. उत्तर-दक्षिण समोरासमोर उभ्या दोन इमारती, मध्ये तीन मीटर अंतर. दक्षिणेकडच्या इमारतीवरून येणारं ऊन समोरच्या भिंतीवर वरून किती खाली उतरेल? साधारण सव्वातीन मीटर, म्हणजे फक्त वरचा एक मजला. सात मजली इमारतीत तळमजल्यावर ऊन पडायला सूर्य ८२ अंशांच्या वर हवा, आणि तो तेवढा वर येतो ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, तेही दुपारी थोडा वेळ. नववीतल्या एका मुलीने तो आकडा वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "दादा, हे इमारत बांधायच्या आधी कोणी काढलं नव्हतं?"

त्रिकोणमितीतलं टॅन म्हणजे काय, ते त्या मुलांना त्या दिवशी कळलं. आपल्या घरात अंधार का, हेही कळलं. खगोलशास्त्र ही चैन आहे असं म्हणणाऱ्यांना मी ती वही दाखवतो.

तरीही, उपयोग सिद्ध करूनच मुलांना आकाश द्यायचं, हे मला पूर्ण पटत नाही. सुखवस्तू घरातल्या मुलाने वाढदिवसाला दुर्बीण मागितली तर त्याला कुणी विचारत नाही की याने नोकरी लागेल का. विश्वाबद्दल नुसतं कुतूहल वाटण्याचा हक्क आपण कुणाला देतो आणि कुणाला नाही, हा न्यायाचा प्रश्न आहे. हैदराबाद विद्यापीठातला दलित संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला आत्महत्या करून गेला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायची आपली इच्छा होती, असं तो शेवटच्या पत्रात लिहून गेला आहे. मला ते पत्र अजून सलग वाचवत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे: मुंबईच्या आकाशात दिसतं काय? आकाशदर्शन करायचं तर शहराबाहेर वांगणीला जावं. खगोल मंडळासारख्या संस्थांनी तिथल्या अंधारात रात्र रात्र जागून माणसांच्या पिढ्या घडवल्या, हे खरंच आहे. पण गोवंडीतून चौदा वर्षांच्या मुलीला रात्रभरासाठी वांगणीला पाठवायला किती घरं तयार होतील? आणि शहराचं आकाश लोक समजतात तेवढं रिकामं नाही. चंद्राला, ग्रहांना, सूर्यावरच्या डागांना आणि जोडताऱ्यांना रस्त्यावरच्या दिव्यांनी फारसा फरक पडत नाही. व्याध, अभिजित, स्वाती, रोहिणी धुरातूनही दिसतात. आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, आणि तो का दिसत नाही, हाही एक धडाच आहे.

त्या डिसेंबरात आम्ही गुरूच बघत राहिलो. दुर्बिणीत त्याच्या शेजारी ठिपके दिसायचे आणि मुलांनी रोज वहीत एक गोल काढून ठिपक्यांच्या जागा मांडायच्या, एवढंच काम. पहिल्या संध्याकाळी तीनच दिसले. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीन, तेव्हा एक पोरगा वैतागला: "दादा, इसका चाँद किधर गया? कल तो चार थे." मी उत्तर दिलं नाही. दहा-बारा संध्याकाळच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्यावर त्यांचं त्यांनाच दिसलं की ठिपके गुरूच्या पुढून-मागून फिरतात, आणि सगळ्यात आतला सर्वांत घाईत असतो. हा आतला चंद्र, आयो, साडेबेचाळीस तासांत एक फेरी पुरी करतो. मग मी सांगितलं की ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओलाही पहिल्या रात्री तीनच दिसले होते, चौथा आठवड्याभराने सापडला. त्या पोराच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुठल्याही घुमटाखाली मी पाहिलेलं नाही. मात्र त्यासाठी दहा-बारा संध्याकाळ लागल्या. रोज एकच गच्ची, एकच दुर्बीण, तीच माणसं लागली.

भाषेचा प्रश्न याच्याशी बांधलेला आहे. होमी भाभा केंद्रातल्या व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८० च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या वंचित समाजातल्या मुलांसोबत जे काम केलं, त्यातून हे दिसलं होतं की अडतं ते बऱ्याच वेळा बुद्धीत नव्हे, पुस्तकाच्या भाषेत अडतं. महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते आणि गोवंडीत उर्दू, हिंदी, मराठी एकाच जिन्यावर बोलल्या जातात. आमच्या गच्चीवर एकाच ताऱ्याला तीन नावं असतात. याने गोंधळ होतो असं मला आधी वाटायचं. मग त्या खुर्चीवरच्या आजींनी माझं मत बदललं.

आजी बीडकडच्या. दुष्काळात मुंबईला आल्या त्या परत गेल्या नाहीत. मी मुलांना मृगाचे चार तारे आणि मधला बाण दाखवत होतो, तर त्या म्हणाल्या, "हे मृग? मृग तर पावसाचं. आता थंडीत कुठून आलं?" सात जूनला मृग निघतं, त्याआधी रोहिणी, मग आर्द्रा, हे सगळं त्यांना पाठ, पण पेरणीचं पंचांग म्हणून. त्या चांदण्यांना कधी कुणी नावाने बोट लावून दाखवलं नव्हतं. मुलांनी त्यांच्या प्रश्नावर तासभर डोकं लावलं. जूनमध्ये मृगात सूर्य असतो, म्हणून तेव्हा मृग दिवसा आकाशात असतं आणि दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडच्या बाजूला गेली की तेच मृग रात्रभर डोक्यावर. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा इतका चांगला पुरावा मला कुठल्याच पुस्तकाने दिला नव्हता. तो पुरावा बीडच्या शेतातून आला होता.

मे महिन्यात मुलं गावी जातात आणि सगळे वर्ग कोलमडतात, अशी शिक्षकांची कायमची तक्रार असते. आम्ही त्याचाही फायदा करून घेतला. १५-१६ मेच्या सुमारास मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आमचा एक मुलगा तेव्हा उत्तर प्रदेशात गोंड्याला आजोळी होता. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सावली कधीच शून्य होत नाही. त्याने एक मीटरची काठी उभी करून सर्वांत आखूड सावली मोजली आणि फोनवर आकडा सांगितला. गणिताने तो १४ सेंटीमीटरच्या जवळपास यायला हवा; त्याचा साडेपंधरा आला, काठी थोडी कलली असणार. गणिताने सुमारे आठ अंशांचा फरक मिळायला हवा, त्याच्या आकड्यातून पावणेनऊच्या आसपास मिळतो. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ९०० किलोमीटर. बाकी त्रैराशिक. पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या आसपास येतो, आमचा त्याहून जरा कमी आला. स्थलांतरित घरातल्या मुलाकडे देशभर पसरलेले नातेवाईक असतात. पृथ्वी मोजायला याहून चांगलं काय हवं?

आता रात्र. मुलींचा प्रश्न इथे येतो आणि तो सोपा नाही. पहिल्या महिन्यात आमच्याकडे एकोणीस मुलं आणि दोन मुली होत्या. आम्ही वेळ सात ते साडेआठ केली, आयांना बोलावलं, आजींची खुर्ची तर होतीच. तरी मुली वाढल्या त्या एका ताईमुळे. त्याच इमारतीत राहणारी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी दुर्बीण लावायला लागली, तेव्हा. ओळखीची बाई वर आहे म्हटल्यावर घरातून नकार येणं थांबलं. मार्चमध्ये मुली तेरा होत्या. बाहेरून येणारा माझ्यासारखा माणूस हे वर्षभर घसा कोरडा करूनही करू शकला नसता.

म्हणूनच माझा आग्रह आहे की शिकवणारी माणसं वस्तीतलीच हवीत आणि त्यांना मानधन मिळायला हवं. स्वयंसेवेचं कौतुक मी कमी करत नाही. पण जिला संध्याकाळी शिकवण्या घेऊन फी भरायची आहे, तिला आपण आठवड्यातल्या दोन संध्याकाळ फुकट मागतो तेव्हा आपण तिच्या घराकडून देणगी घेत असतो. अमेरिकेत बॉस्टन शहरात एमआयटीच्या कावली संस्थेने गरीब भागातल्या किशोरवयीन मुलांसाठी यूथ ॲस्ट्रॉनॉमी ॲप्रेंटिसशिप हा उपक्रम चालवला. मुलं शाळा सुटल्यावर शिकायची, उन्हाळ्यात पगारी उमेदवार म्हणून काम करायची आणि शिकलेलं आपल्याच शहरातल्या लोकांसमोर मांडायची. उमेदवारी हा शब्द मला फार आवडतो. सुताराकडे, गवंड्याकडे, जरीकाम करणाऱ्याकडे आपली मुलं पिढ्यानपिढ्या उमेदवारी करत आली आहेत.

दुर्बीणही तशीच घडवता येते. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉब्सन हे वेदान्त मठात रामकृष्ण परंपरेतले साधू होते. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून त्यांनी दुर्बिणीचे आरसे केले आणि १९६८ पासून मित्रांसोबत फुटपाथवर दुर्बिणी लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवलं. लाकडी पेटीत फिरणारी त्यांची साधी बैठक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे तर दारूखाना आहे, जहाजांचं भंगार विकणारी सबंध वसाहत. आरसा घासायला कार्बोरंडमची पूड लागते, तपासायला एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड, आणि हाताला सबूर लागते, कारण चूक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकीच चालते. जरीचं आणि शिवणाचं काम करणाऱ्या घरांतल्या पोरांच्या बोटांत ती सबूर आधीच असते. मी ती पाहिली आहे.

रात्रीच्या शिक्षणाची आपल्याला सवय नाही असंही कुणी म्हणू नये. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा राबणाऱ्यांना शिकायचं तर रात्रच उरते, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. मुंबईत रात्रशाळा आजही भरतात, कितीतरी मुलं दिवसा दुकानात काम करून साडेसहाला वर्गात येऊन बसतात. आकाश वर असताना जागी असलेली शाळा शहरात फक्त हीच. तरी रात्रशाळेत एखादी दुर्बीण असल्याचं मी कुठे पाहिलं नाही.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक वॉर्डात महापालिकेच्या निदान दोन शाळांच्या गच्च्या ऑक्टोबर ते मे आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते साडेनऊ, उघड्या ठेवाव्यात. कठडे उंच करावेत, टाक्यांना झाकणं बसवावीत, जिन्यात दिवा आणि गच्चीवर अंधार असावा. प्रत्येक ठिकाणी एक सहा इंची दुर्बीण असावी. बऱ्यापैकी स्मार्ट टीव्हीला जेवढे पैसे पडतात त्यात ती बसते. दुर्बीण चालवायला त्याच वस्तीतले दोन तरुण, त्यातली एक मुलगी, मानधनावर, किमान तीन वर्षांसाठी. शहरातल्या विज्ञान संस्थांनी आणि हौशी मंडळांनी त्यांना शिकवावं आणि अडलं तर त्यांचे फोन उचलावेत. पावसाळ्यात आरसे घासावेत, हिशोब करावेत. संध्याकाळी किती मुलं आली हे रजिस्टरवर दिसेलच, पण तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी मुलांच्या निरीक्षणाच्या वह्या आधी मागाव्यात.

आमच्या गच्चीचं कुलूप आता नवं आहे. किल्ली अकरावीतल्या एका मुलीकडे असते, सूर्याचा हिशोब करून दोन रेघा मारणारी तीच. सेक्रेटरींनी तिची सोसायटीच्या वहीत सही घेतली आहे. आजींच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. त्या खिडकीत बसतात आणि मुलं वर जायला लागली की आज काय बघणार म्हणून विचारतात.